टेक्निकल डॉक्युमेंटेशनच्या सॉफ्टवेअरसाठी मॅनेजरकडून मंजुरी कशी मिळवावी

वर्डमध्ये मॅन्युअल लिहिणाऱ्या टीमला कधी ना कधी वाटतंच की आता याच कामासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर हवं. मागणी मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी विक्रेत्याचा डेमो पाहिला जातो, त्यातून फीचरची यादी बनते, ती मॅनेजरकडे जाते आणि तिथेच पडून राहते. सिंगल सोर्सिंग (एकाच मूळ मजकुरातून अनेक दस्तऐवज काढणं), कंडिशनल टेक्स्ट (मॉडेल किंवा वाचकानुसार दाखवला-लपवला जाणारा मजकूर) या शब्दांतून मॅनेजरना काहीच कळत नाही. त्यांचे प्रश्न साधे असतात: आज नेमकं किती वाया जातंय, त्यातलं किती वाचेल, वाचायला कधी लागेल, आणि बेत फसला तर कुणाला उत्तर द्यावं लागेल. म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरपासून नको, स्वतःच्या कामाच्या मोजमापापासून करा. मोजल्यावर कधी कधी असंही निघतं की नव्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. ते आधी कळलेलं बरं.

वेळ कुठे जातो ते लिहून काढा

इथे अंदाज चालत नाही, नोंद लागते. टीममधल्या प्रत्येकाने रोजचं काम पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने एका स्प्रेडशीटमध्ये भरावं. सहापेक्षा जास्त रकाने ठेवू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी लोक भरायचं सोडून देतात. हे सहा पुरतात: माहिती मिळवणं आणि लिहिणं; फॉरमॅटिंग; एकच बदल अनेक फाइलींत करणं; रिव्ह्यूचे शेरे गोळा करणं; पीडीएफ आणि वेब आउटपुट काढणं; भाषांतरित फाइलींची मांडणी.

फॉरमॅटिंगच्या रकान्यात काय येतं ते सगळ्यांना आधी सांगून ठेवा: बिघडलेलं नंबरिंग, पानाबाहेर जाणारी टेबलं, अनुक्रमणिका, तुटलेले क्रॉस-रेफरन्स. वर्डमध्ये कंट्रोल-ए करून एफ-९ दाबलं की मुख्य मजकुरातली फील्ड (अनुक्रमणिका, क्रॉस-रेफरन्स अशा आपोआप भरल्या जाणाऱ्या जागा) अपडेट होतात. हेडर, फूटर आणि टेक्स्ट बॉक्समधली तशीच राहतात आणि एकेक उघडून बघावी लागतात. अशी कामं चार-पाच मिनिटांची असतात म्हणून संध्याकाळी आठवत नाहीत. नोंद जागच्या जागी करायची ती यासाठीच.

नोंद निदान एका पूर्ण रिलीजची हवी. फक्त निवांत आठवडे मोजले तर आकडा लहान निघतो. फक्त रिलीजआधीचा आठवडा मोजला तर फुगलेला निघतो, आणि ज्यांनी टीम चालवली आहे त्यांच्या ते लगेच ध्यानात येतं. एकदा आकड्यावरचा विश्वास उडाला की पुढचं सादरीकरण कुणी ऐकत नाही.

सोबत सपोर्ट टीमकडून गेल्या तिमाहीची तिकिटं मागून घ्या आणि मॅन्युअलमधल्या जुन्या किंवा चुकीच्या सूचनेमुळे आलेली वेगळी काढा. ही संख्या लहान असली तरी उपयोगाची असते, कारण ती तुमच्या विभागाबाहेरून आलेली असते. तिला खटल्यांची आणि अपघातांची भीती जोडू नका. "उद्या कुणी कोर्टात गेलं तर" हा मुद्दा एकदा चालतो, पुढच्या बजेटला त्याचा उलटा परिणाम होतो.

एकच मजकूर किती ठिकाणी आहे ते शोधा

खास सॉफ्टवेअरचा मोठा फायदा मजकुराच्या पुनर्वापरात असतो. तुमच्याकडे पुनर्वापर करण्याजोगं किती आहे हे मात्र विक्रेता सांगू शकत नाही, ते तुम्हीच मोजायचं.

सगळी मॅन्युअल साध्या टेक्स्ट फाइल म्हणून सेव्ह करा. वर्ड प्रत्येक परिच्छेद एका ओळीवर टाकतं. सगळ्या फाइलींतल्या ओळी स्प्रेडशीटच्या एका कॉलममध्ये आणा, शेजारच्या कॉलममध्ये फाइलचं नाव ठेवा, आणि कोणती ओळ किती वेळा आली ते पिव्हट टेबलने मोजा. काउंटइफ वापरायचा मोह होतो, पण एक्सेलमध्ये २५५ अक्षरांपेक्षा लांब मजकुरावर ते फंक्शन चुकतं, शिवाय मजकुरातलं प्रश्नचिन्ह आणि तारा यांना ते "काहीही चालेल" असं समजतं. पिव्हट नको असेल तर प्रत्येक परिच्छेदाची पहिली २०० अक्षरं वेगळ्या कॉलममध्ये काढा आणि तो कॉलम क्रमवार लावून नजर फिरवा.

क्रमवार लावण्याचा आणखी एक फायदा आहे. हुबेहूब सारख्या ओळींच्या आसपास जवळजवळ सारख्या ओळीही येऊन बसतात. मात्र एकच सुरक्षा सूचना एका मॅन्युअलमध्ये "वीजपुरवठा बंद करा", दुसऱ्यात "मुख्य स्विच बंद करा", तिसऱ्यात "प्लग काढा" अशीही असते. सुरुवातीचा शब्द वेगळा असला की अशा जोड्या निसटतात, म्हणून सुरक्षा सूचना, तपशीलांची टेबलं आणि बसवणीच्या पायऱ्या एवढे तीन भाग तरी हाताने तपासा. सापडलेल्या विसंगतींतली सर्वांत ठळक एक निवडा आणि सगळ्या आवृत्त्या एका पानावर शेजारी शेजारी छापा. मॅनेजरसमोर ठेवायला यापेक्षा बोलका कागद नाही, आणि त्यात सॉफ्टवेअरचं नावही येत नाही.

हिशेब तासांत मांडा

पैशांत थेट उडी मारण्यापेक्षा सगळं आधी तासांत आणा. परवान्याच्या वार्षिक किमतीला एका रायटरच्या एका तासाच्या कंपनीला पडणाऱ्या पूर्ण खर्चाने भागलं की परवानाही तासांत येतो आणि तुलना सोपी होते. तासाचा खर्च स्वतः ठरवू नका, फायनान्सकडून मागा. तुमचा आकडा कुणीही खोडेल, त्यांचा कुणी खोडत नाही.

समजण्यासाठी एक कल्पित टीम घेऊ. तीन रायटर, प्रत्येकी १५० पानांची आठ मॅन्युअल, वर्षाला चार रिलीज, पाच भाषा, भाषांतरं वर्षातून दोनदा.

- फॉरमॅटिंग: दर मॅन्युअल, दर रिलीज ६ तास. ८ × ४ × ६ = १९२ तास.
- सामाईक बदल: दर रिलीजला १० बदल, आठही फाइलींत, प्रत्येकी १५ मिनिटं. म्हणजे रिलीजला २० तास, वर्षाला ८०.
- भाषांतरित फाइलींची मांडणी: ८ मॅन्युअल × ५ भाषा × २ वेळा × ५ तास = ४०० तास.

एकूण ६७२. हे सगळे वाचतील असं लिहिलंत तर तिथेच अडकाल. टेम्प्लेट कितीही चांगलं असलं तरी काही टेबलं हट्टीपणा करतातच. फॉरमॅटिंगचे १४४, सामाईक बदलांचे ७० आणि मांडणीचे ३२० वाचतील असं धरू. वर्षाला ५३४ तास.

आता दुसरी बाजू, जी बहुतेक प्रस्तावांत अर्धीच असते. परवाना समजा वर्षाला १५० तासांएवढा. एकदाच होणारा खर्च वेगळा:

- प्रशिक्षण: तिघांचे प्रत्येकी ४० तास, म्हणजे १२०.
- टेम्प्लेट आणि स्टाइलशीट: ८० तास.
- जुना मजकूर आणणं: १२०० पानांतला पुनरुक्तीचा भाग वगळून ७०० पानं, पानाला २० मिनिटं, म्हणजे साधारण २३३ तास.
- सुरुवातीचा मंदावलेला वेग: तिघे, महिन्याला १६० तास, तीन महिने, २० टक्के घट. २८८ तास.

एकूण ७२१ तास. मंदावलेला वेग प्रस्तावात कुणी लिहीत नाही, आणि पहिल्याच तिमाहीत "नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून कामं रखडताहेत" ही तक्रार येते. आधी लिहिलेलं असेल तर ती तक्रार होत नाही, ठरल्याप्रमाणे चाललंय असं होतं.

पहिल्या वर्षी बचत अर्धीच धरा, २६७ तास. म्हणजे ७२१ आणि १५० खर्च, २६७ बचत: पहिलं वर्ष ६०४ तास तोट्यात. दुसऱ्या वर्षी ५३४ वाचले, १५० परवान्यात गेले, निव्वळ ३८४. तरीही २२० तासांची तूट शिल्लक. ती तिसऱ्या वर्षाच्या सातव्या महिन्याच्या आसपास भरून येते. पहिल्या वर्षी तोटा दाखवायला लोक कचरतात, पण पहिल्या दिवसापासून नफा दाखवणारा हिशेब अनुभवी मॅनेजर बाजूला ठेवतात.

याच हिशेबातून भाषांतर काढून टाका. वर्षाची बचत २१४ तासांवर येते, परवाना वजा जाता ६४. ७२१ तास भरून यायला अकरा वर्षांहून जास्त लागतील. अशा टीमने महागडं सॉफ्टवेअर मागू नये. फार तर फक्त नव्या उत्पादनांपुरतं, जुना मजकूर न आणता, हलक्या साधनावर सुरुवात करावी. भाषा जितक्या जास्त आणि एकमेकांशी साम्य असलेली मॉडेल जितकी जास्त, तितकी ही खरेदी पटणारी.

भाषांतराबाबत एक सापळा आहे. ट्रान्सलेशन मेमरीमुळे (आधी भाषांतरित झालेली वाक्यं साठवून पुन्हा वापरण्याच्या सोयीमुळे) होणारी बचत या सॉफ्टवेअरच्या खात्यात टाकू नका. भाषांतर एजन्सी ती मेमरी आधीपासून वापरत असते आणि वर्डच्या फाइलींवरही ती चालते. नव्या सॉफ्टवेअरने वाचतं ते वेगळं: प्रत्येक भाषेत पानं पुन्हा बसवण्याचं काम, न बदललेला मजकूर पुन्हा पाठवून त्याच्या तपासणीपोटी द्यावे लागणारे पैसे, आणि एकच सूचना तीन तऱ्हांनी लिहिल्यामुळे तीनदा होणारं भाषांतर. एजन्सीच्या जुन्या बिलांमध्ये मांडणीची रक्कम बहुधा वेगळी दाखवलेली असते. ती शोधा.

ती शोधायचं आणखी एक कारण आहे. वाचलेले तास म्हणजे वाचलेला पैसा नव्हे. रायटरचा पगार काही कमी होत नाही, आणि मॅनेजर हे बोलून दाखवतील. त्यामुळे बचतीचे दोन भाग करा. बाहेर जाणारं बिल कमी होतं ती रोख बचत. आतले तास मोकळे होतात ती क्षमता, आणि त्या क्षमतेत कोणतं रखडलेलं काम होईल ते नावानिशी लिहा: अमुक मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, तमुक एपीआयचं डॉक्युमेंटेशन. "टीमची उत्पादकता वाढेल" या वाक्याला किंमत नाही.

कोणत्या जातीचं सॉफ्टवेअर

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण चुकीची जात मागितली तर चांगला हिशेबही वाया जातो.

छापील किंवा पीडीएफ मॅन्युअल हेच मुख्य आउटपुट आणि पानांची संख्या शेकड्यांत असेल तर ॲडोबी फ्रेममेकरसारखं लांब दस्तऐवजांसाठीचं साधन. ऑनलाइन हेल्प आणि पीडीएफ दोन्ही एकाच मजकुरातून काढायचे असतील तर मॅडकॅप फ्लेअर किंवा ॲडोबी रोबोहेल्प. अनेक रायटर, अनेक भाषा, खूप साम्य असलेली मॉडेल असतील तर डिटासारखा रचनाबद्ध एक्सएमएल (प्रत्येक भागाला टॅग लावून ठेवलेला मजकूर), त्यासाठी ऑक्सिजनसारखा एडिटर आणि वर मजकुराचे तुकडे सांभाळणारी यंत्रणा. डिटा २००५ पासून ओॲसिस या संस्थेचं खुलं मानक आहे, त्यामुळे फाइली एका विक्रेत्याच्या कैदेत राहत नाहीत. वाचक डेव्हलपर आणि रायटर गिटला (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला) सरावलेले असतील तर स्फिंक्स किंवा ॲस्कीडॉक्टर यांसारखी मोफत साधनंच बरी, तिथे खरेदीचा प्रश्नच उरत नाही.

एक अपवाद असा की ज्यात हा सगळा हिशेब मागे पडतो. विमानं किंवा संरक्षण सामग्रीच्या कामात ग्राहकाच्या करारातच एस१०००डी या मानकानुसार माहिती मागितलेली असते. तसं कलम असेल तर ते प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत लिहा. करार पुरा करण्यासाठी लागणाऱ्या साधनाची परतफेड कुणी विचारत नाही. उलट, जे मानक साधनाबद्दल काहीच सांगत नाही त्याचा आधार घेऊ नका. वापरसूचना कशा असाव्यात यासाठीचं आयईसी-आयईईई ८२०७९-१ हे मानक चांगल्या मजकुराची अपेक्षा ठेवतं, विशिष्ट सॉफ्टवेअरची नाही. ते माहीत असलेला एक जरी माणूस मीटिंगमध्ये असला तरी तुमची पंचाईत होईल.

कोटेशन मागताना

दोन विक्रेत्यांकडून लेखी कोटेशन घ्या आणि तिसरा पर्याय म्हणून "आहे तेच, पण नीट वापरून" याचाही खर्च काढा. किंमत विचारताना पुढचे मुद्दे सुटतात आणि नंतर बजेटबाहेरचे ठरतात: परवाना व्यक्तीच्या नावावर की सगळ्यांत मिळून वापरता येणारा, किमान किती सीट (वापरणाऱ्यांच्या जागा) घ्याव्या लागतात, फक्त शेरे देणाऱ्या इंजिनिअरना वेगळी सीट लागते का, कंपनीच्या लॉगिनने आत येण्याची सोय मूळ किमतीत आहे की वरच्या प्लॅनमध्ये, होस्टिंग कुणाचं, आउटपुटचं टेम्प्लेट कोण बनवणार, नूतनीकरणाला दरवाढीची मर्यादा आहे का. सेवा बंद करायची ठरली तर मजकूर कोणत्या स्वरूपात परत मिळेल हेही लेखी घ्या. "एक्सपोर्ट करता येतं" एवढ्यावर थांबू नका. चित्रं, लिंक आणि कंडिशन शाबूत राहून येतात का ते विचारा.

आयटी विभागाला या टप्प्यावरच सामील करा. मजकूर कुठल्या सर्व्हरवर राहणार याबद्दलची त्यांची हरकत मंजुरीनंतर आली तर महिने जातात.

पायलट: लहान, पण अवघड

पायलटसाठी, म्हणजे खरेदीआधीच्या छोट्या चाचणीसाठी, सर्वांत सोपं मॅन्युअल निवडलं की सगळं छान दिसतं आणि काहीच सिद्ध होत नाही. दोन मिळतीजुळती मॉडेल घ्या. दोन्हींचा मिळून तीस ते चाळीस पानांचा मजकूर पुरतो, पण त्यात हे सगळं असू द्या: दोन-तीन पातळ्यांचं नंबरिंग, एक पानभर पसरणारं टेबल, लेबलं असलेली आकृती, सुरक्षा सूचना, दुसऱ्या प्रकरणाकडे जाणारे दुवे आणि एका भाषेचं भाषांतर. आउटपुटमध्ये देवनागरी किंवा उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी लागत असेल तर तिचं एक पान पहिल्याच दिवशी पीडीएफमध्ये काढून बघा. जोडाक्षरं तुटत असतील तर पुढचा वेळ वाचेल.

ट्रायलची मुदत थोडीच असते, म्हणून फाइली आधी साफ करा आणि मग डाउनलोड करा. साफसफाई म्हणजे: हाताने टाइप केलेले क्रमांक काढून खऱ्या याद्या करणं, ठळक अक्षरं करून बनवलेल्या शीर्षकांना हेडिंगची स्टाइल देणं, टेक्स्ट बॉक्समधला मजकूर बाहेर काढणं, तरंगती चित्रं ओळीत बसवणं, केवळ मांडणीसाठी वापरलेली टेबलं मोडणं. आयात करताना टेक्स्ट बॉक्समधला मजकूर अनेकदा गुपचूप गळतो. एरर येत नाही आणि इशाराही दिसत नाही. आयातीनंतर आधीची आणि नंतरची शब्दसंख्या ताडून बघा. काही ट्रायल आवृत्त्या पीडीएफवर वॉटरमार्क टाकतात, काही मजकुरातली अक्षरं मुद्दाम उलटसुलट करतात. मॅनेजरना आउटपुट दाखवायचं असेल तर विक्रेत्याकडून पायलटपुरता पूर्ण परवाना मागा. लेखी मागितला तर बहुधा मिळतो.

पायलटमध्ये हमखास होणाऱ्या दोन चुका आहेत. पहिली, पुनर्वापराचा अतिरेक. वाक्यातला अर्धा तुकडा किंवा एखादा शब्द व्हेरिएबल म्हणून (एकदा ठरवून जागोजागी आपोआप भरला जाणारा) ठेवला की विभक्तीच्या भाषांत घोळ होतो. व्हेरिएबलमध्ये "पंखा" असेल तर "पंख्याला" आणि "पंख्याचा" आणायचा कुठून? पूर्ण परिच्छेद, पूर्ण पायरी किंवा पूर्ण सूचना यापेक्षा लहान तुकडा पुनर्वापरासाठी धरू नका, आणि व्हेरिएबल फक्त न बदलणाऱ्या गोष्टींना: मॉडेल क्रमांक, आवृत्ती, मापं. दुसरी चूक कंडिशनची. मॉडेल, देश, वाचक, आउटपुट अशा चार दिशांनी टॅग लावले की कोणत्या आवृत्तीत काय दिसेल हे कुणालाच सांगता येत नाही. पायलटमध्ये दोनच दिशा ठेवा.

मोजमाप तेच सहा रकाने, तेच काम, दोन्ही साधनांत. एक सामाईक बदल दोन्ही मॉडेलमध्ये करून दोन्ही पीडीएफ काढायला जुन्या पद्धतीने किती वेळ, नव्याने किती. हा एक आकडा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातल्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा जड असतो, कारण तो तुमच्या फाइलींवरचा आहे. रिव्ह्यूचीही परीक्षा घ्या, आणि त्यासाठी सर्वांत उशिरा शेरे देणारा इंजिनिअर निवडा. त्याला जमलं तर सगळ्यांना जमेल.

एक पान

तुमचे मॅनेजर बहुधा शेवटची सही करत नाहीत. त्यांना हा कागद वर पाठवायचा असतो. म्हणून तुम्ही हजर नसतानाही तो स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. एक पान, बाकी सगळं जोडपत्रात. वरच्या उदाहरणातल्या टीमचा मजकूर साधारण असा होईल:

"सध्या आठ मॅन्युअलच्या फॉरमॅटिंग, सामाईक बदल आणि भाषांतरित मांडणीवर वर्षाला ६७२ तास जातात (नोंद: जोडपत्र १). त्यातले ४०० तास केवळ पाच भाषांच्या मांडणीचे आहेत. प्रस्तावित सॉफ्टवेअरमुळे वर्षाला ५३४ तास वाचतील असा पायलटवरून अंदाज आहे (जोडपत्र २). एकदाचा खर्च ७२१ तास, परवाना वर्षाला १५० तासांएवढा. पहिल्या वर्षी निव्वळ तोटा राहील. खर्च साधारण दोन वर्षं सात महिन्यांत भरून येईल. पहिल्या तीन महिन्यांत टीमचा वेग सुमारे २० टक्के कमी राहील, म्हणून स्थलांतर मोठ्या रिलीजनंतर सुरू करावं. सहा महिन्यांनी सामाईक बदलाचा वेळ निम्म्यावर आला नाही तर परवान्याचं नूतनीकरण करू नये. मंजुरी हवी आहे: तीन सीट, एक वर्ष."

यातली शेवटून दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. थांबायची अट तुम्हीच घातली की मॅनेजरच्या डोक्यावरचं ओझं हलकं होतं. सही केली म्हणजे कायमचं अडकलो, ही भीती नकारामागे जितकी असते तितकी रक्कम नसते. अर्थात ही अट खरी ठरावी म्हणून परवाना एका वर्षाचाच घ्या. तीन वर्षांच्या सवलतीवर भाळू नका.

मीटिंगमध्ये हा कागद पहिल्यांदा दाखवू नका. दोन-तीन दिवस आधी मॅनेजरना एकट्याने द्या आणि "यात वर कशावर बोट ठेवलं जाईल?" असं विचारा. त्यांनी सुचवलेला बदल करून घेतला की तो प्रस्ताव अर्धा त्यांचाही होतो. वेळ बजेट ठरण्याआधीची निवडा. बजेट बंद झाल्यावर चांगल्या प्रस्तावालाही "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर मिळतं.

हमखास येणारे प्रश्न

"वर्ड आहे की." याचं उत्तर द्यायचा अधिकार वर्ड नीट वापरून पाहिलेल्यालाच आहे. स्टाइल, टेम्प्लेट, खरे क्रॉस-रेफरन्स, सामाईक मजकूर दुसऱ्या फाइलीतून ओढणारं इन्क्लूड-टेक्स्ट फील्ड हे सगळं करून झालं असेल तर कुठे अडलं ते सांगा: इन्क्लूड-टेक्स्ट फाइलचा मार्ग धरून बसतं, फोल्डर हलला की तुटतं, मास्टर डॉक्युमेंट (अनेक फाइली एकत्र जोडणारी वर्डची सोय) बिघडण्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि मॉडेलनुसार मजकूर दाखवायला-लपवायला वर्डमध्ये धड सोय नाही. हे करून पाहिलं नसेल तर आधी महिनाभर तेच करा. आकडे कदाचित बदलतील.

"फुकटचं का नको?" डिटा ओपन टूलकिट खरंच मोफत आहे. त्याचं पीडीएफ टेम्प्लेट बदलायला मात्र एक्सएसएल (एक्सएमएलची मांडणी ठरवणारी भाषा) जाणणारा माणूस लागतो, आणि तो टीममध्ये नसेल तर त्याचे तास हिशेबात धरा. धरूनही स्वस्त पडलं तर तेच घ्या आणि तसं लिहा.

"हे जाणणारा सोडून गेला तर?" एकाहून अधिक जणांना प्रशिक्षण, टेम्प्लेटची लेखी माहिती, खुल्या स्वरूपातल्या फाइली. तिन्ही गोष्टी प्रस्तावात आधीच असू द्या.

"आता एआय लिहून देईल ना?" मसुदा लिहून देईल. पण एकच सूचना आठ ठिकाणी सारखी ठेवणं आणि चाळीस पीडीएफ एका मूळ मजकुरातून काढणं हे लिहिण्याचं काम नाही. मजकूर झपाट्याने वाढायला लागला की प्रतींमधली तफावतही तितक्याच वेगाने वाढते.

"इतकी वर्षं चाललंच की." याला वाद घालू नका. विसंगत सूचनांचं ते एक पान पुढे करा.

नकार आला तर

नेमकं काय बदललं तर होकार येईल ते विचारा आणि उत्तर ईमेलने पक्कं करून घ्या: सहावी भाषा, नववं मॉडेल, अमुक तिकिटसंख्या. वेळेची नोंद बंद करू नका, फक्त दर रिलीजच्या शेवटच्या दोन आठवड्यांपुरती आणा. फाइलींची साफसफाई आणि सूचनांचं एकसारखेपण यांना मंजुरी लागत नाही. ती कामं सुरूच ठेवा. पुढच्या वेळी आयातीचे २३३ तास बरेच खाली आलेले असतील आणि हिशेबाची दुसरी बाजू तेवढी हलकी झालेली असेल.